एमएसच्या रुग्णांच्या पेशींतला ऑक्सिडेटिव्ह ताण मोजताना आकडे का हलतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस (रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूवरच हल्ला करते तो आजार), असलेल्या रुग्णांच्या रक्तातून पीबीएमसी (मुख्यतः लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढल्या, त्यांना डीसीएफडीए हा ऑक्सिडेशन झालं की चमकणारा डाय लावला आणि फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, वाचलं. एका दिवशी रुग्णांचा आकडा निरोगी माणसांच्या जवळपास दुप्पट आला, पुढच्या आठवड्यात दोन्ही गट सारखेच निघाले. चूक डायची आहे की यंत्राची? आणि वाढ खरी असेल तर तिचा अर्थ काय?

डाय आणि यंत्रावर संशय घेण्याआधी तीन गोष्टी बघा: रक्त काढल्यापासून डाय लावेपर्यंत किती वेळ गेला, यंत्रावर नळ्या कोणत्या क्रमाने लावल्या, आणि ज्या पेशींची सरासरी काढली त्यांत मोनोसाइट किती होत्या. आकडे असे उलटसुलट होतात तेव्हा कारण बहुतेक वेळा या तिघांतच सापडतं.

मुळात ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ ही रक्तातल्या साखरेसारखी एका आकड्यात मावणारी गोष्ट नाही. पेशी ऑक्सिडंट किती तयार करते, हा एक प्रश्न. ते निकामी करायची तिची ताकद किती, हा दुसरा. आणि चरबी, प्रथिनं, डीएनए यांचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं, हा तिसरा. तिन्हींच्या चाचण्या वेगळ्या आहेत आणि तिन्ही एकाच दिशेने हलतील असं नाही. निर्मिती वाढलेली पण संरक्षणही तितकंच वाढलेलं, त्यामुळे नुकसान शून्य, असंही असू शकतं. आधी यांतला कोणता प्रश्न विचारायचा आहे ते ठरवा. डाय नंतर.

दुसरी गोष्ट पेशींची. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट यांच्याकडे एनओएक्स२ हे एन्झाइम भरपूर असतं. एनएडीपीएचकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते ऑक्सिजनचं सुपरऑक्साइड करतं, आणि इशारा मिळाला की काही मिनिटांत भडका उडतो. टी पेशी म्हणजे लिम्फोसाइटचा एक प्रकार, त्यांचा कारभार वेगळा. त्यांच्यातलं सुपरऑक्साइड मुख्यतः मायटोकॉन्ड्रियातून येतं, प्रमाण कमी असतं आणि काम बरंचसं संदेशवहनाचं. पीबीएमसीत मोनोसाइट आणि टी पेशी एकत्र असतात. त्यात मोनोसाइट आकाराने मोठी, तिच्यात एस्टरेज (डायचे गट तोडणारी एन्झाइमं) जास्त, त्यामुळे ती लिम्फोसाइटपेक्षा कितीतरी जास्त डाय आत घेते. आता एका माणसाच्या पीबीएमसीत मोनोसाइट १० टक्के आणि दुसऱ्याच्या २० टक्के असतील, तर कोणाच्याही पेशीत काहीही जास्त ऑक्सिडेशन न होता दुसऱ्याची सरासरी वर जाईल. म्हणून सगळ्या पीबीएमसीची एक सरासरी काढणं सोडून द्या. सीडी३, सीडी१४ आणि सीडी१९ ही तीन प्रतिपिंडं लावून टी पेशी, मोनोसाइट आणि बी पेशी वेगळ्या वाचा. एवढ्या एका बदलाने अर्धा गोंधळ मिटतो.

डीसीएफडीए नेमकं काय सांगतं

डाय पेशीत शिरतो, आतले एस्टरेज त्याचे अ‍ॅसिटेट गट तोडतात, उरलेला डीसीएफएच आत अडकतो आणि ऑक्सिडेशन झालं की हिरवा चमकतो. किटच्या माहितीपत्रकात इतकं असतंच. पण ज्याच्या नावाने हा डाय विकला जातो, ते हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच्याशी थेट जवळपास काहीच करत नाही. मध्ये पेरॉक्सिडेज, सायटोक्रोम सी किंवा मोकळं लोह लागतं. म्हणजे पेशीत पेरॉक्साइड तेवढंच असूनही पेरॉक्सिडेज जास्त असेल तर चमक जास्त दिसेल. नमुन्यात थोडे न्यूट्रोफिल मिसळले तर त्यांचं मायलोपेरॉक्सिडेज हे काम उत्साहाने करतं. लाल पेशी फुटून हीम मोकळं झालं तरी तेच. शिवाय ऑक्सिडेशनच्या वाटेवर डायचा जो मधला रॅडिकल बनतो, तो ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन स्वतःच सुपरऑक्साइड तयार करतो. मोजणारी वस्तूच मोजायच्या वस्तूत भर घालते. २०२२ साली ‘नेचर मेटाबॉलिझम’मध्ये या क्षेत्रातल्या अनेक संशोधकांनी मिळून मोजमापाच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा रोखही हाच होता: कोणता ऑक्सिडंट आणि कोणत्या रसायनाने पकडला हे नाव घेऊन लिहा, सगळ्याला एकच ‘आरओएस’ (ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू) म्हणू नका. तेव्हा डीसीएफ वापरायचा तर वापरा, पण निकालात ‘डीसीएफची चमक’ एवढंच म्हणा आणि शेजारी वेगळ्या तत्त्वावरची एक तरी चाचणी ठेवा.

रक्तापासून पेशीपर्यंत

खरा खेळ इथे आहे, म्हणून जरा तपशिलात.

हेपरिनच्या नळीत १० मिली रक्त घ्या. ईडीटीए कॅल्शियम बांधून टाकतं आणि न्यूट्रोफिल-मोनोसाइटच्या भडक्याला कॅल्शियम लागतं, म्हणून ईडीटीए नको. काहीही घेतलंत तरी दोन्ही गटांसाठी तेच घ्या. नळी बर्फात ठेवू नका. खोलीच्या तापमानाला, साधारण २० अंश सेल्सिअसला, आडवी ठेवा. काम दोन तासांत सुरू करा. चार तास उलटले की तो नमुना या चाचणीपुरता बाजूला ठेवा.

रक्ताइतकंच पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) घालून ते पातळ करा. ५० मिलीच्या नळीत १५ मिली फायकोल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रावण, घनता १.०७७) घ्या आणि त्यावर हे २० मिली मिश्रण नळीच्या भिंतीवरून अगदी हळू सोडा. फायकोल फ्रीजमधून थेट काढलेलं नको. थंड असलं की त्याची घनता वाढते आणि खाली जायला हवे असलेले ग्रॅन्युलोसाइट (न्यूट्रोफिल आणि तशा कणयुक्त पेशी) वरच अडकतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी, ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थांबताना नळीतला द्रव घुसळतो आणि थर फाटतो.

थर नीट बसला असेल तर वर पिवळसर प्लाझ्मा, मध्ये एक-दोन मिलिमीटरचं दुधी, ढगाळ कडं, त्याखाली स्वच्छ फायकोल आणि तळाला लाल पेशी अशी रचना दिसते. पिपेटचं टोक त्या कड्याला नुसतं टेकवून नळीच्या भिंतीलगत गोल फिरवत थर उचला. हाव धरून खालचं फायकोल ओढलंत तर ग्रॅन्युलोसाइट येतात, वरचा प्लाझ्मा ओढलात तर प्लेटलेट येतात. कड्यालाच गुलाबी झाक असेल किंवा त्याखालचं फायकोल गढूळ दिसत असेल तर रक्त शिळं झालंय असं समजा. शिळ्या रक्तातले न्यूट्रोफिल कण सोडून हलके होतात आणि पीबीएमसीच्या थरात येऊन बसतात. प्रत्येक नमुन्यात सीडी१५ किंवा सीडी६६बी (न्यूट्रोफिलच्या खुणा) यांची प्रतिपिंडं लावून अशी भेसळ किती झाली ते बघाच. एमएससारख्या दाहाच्या आजारात काही हलके न्यूट्रोफिल मुळातच असू शकतात, पण ते आजारामुळे आले की उशिरामुळे, हे ओळखायला वेळेची नोंद हातात असावी लागते.

पहिली धुलाई ३०० जी ला १० मिनिटं, दुसरी २०० जी ला १० मिनिटं. दुसरी मुद्दाम हळू, म्हणजे प्लेटलेट वर राहतात आणि ओतून देता येतात. प्लेटलेट मोनोसाइटना चिकटतात आणि स्वतःची चमक घेऊन येतात. मोनोसाइटच्या आलेखात दोन उंचवटे दिसले तर ‘दोन उपप्रकार सापडले’ असं लिहिण्याआधी सीडी४१ किंवा सीडी६१ (प्लेटलेटच्या खुणा) लावून बघा. उजवीकडचा उंचवटा पुष्कळदा प्लेटलेट चिकटलेल्या मोनोसाइटचाच असतो. नळ्या पॉलिप्रोपिलीनच्या वापरा, पॉलिस्टायरीनला मोनोसाइट चिकटून बसतात. एक मिली रक्तामागे साधारण दहा ते वीस लाख पीबीएमसी मिळायला हव्यात. त्याहून फार कमी आल्या तर नमुना वाचण्यात अर्थ नाही, कारण कोणत्या पेशी गळाल्या ते कळत नाही.

फ्रीज केलेल्या पेशींवर हे करता येईल का, हा प्रश्न नेहमी येतो. एनओएक्स२च्या भडक्यासाठी नाही. न्यूट्रोफिल गोठवून टिकतच नाहीत, मोनोसाइट वितळवताना मार खातात, आणि गोठवायला वापरतो ते डीएमएसओ स्वतःच हायड्रॉक्सिल रॅडिकल टिपणारं रसायन आहे.

डाय लावताना

पेशी दहा लाख प्रति मिली या प्रमाणात, फिनॉल रेड नसलेल्या आणि ग्लुकोज, कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेल्या हँक्स द्रावणात घ्या. आरपीएमआय हे पेशी वाढवायचं माध्यम नको. त्यात फिनॉल रेड असतो आणि रिड्यूस्ड ग्लुटाथायॉन (पेशीतलं एक मुख्य अँटिऑक्सिडंट) हेही घातलेलं असतं. पायरुवेट असलेलं माध्यम हायड्रोजन पेरॉक्साइड खाऊन टाकतं. सीरम असेल तर त्यातले एस्टरेज डाय बाहेरच तोडतात.

आणखी एक छुपा शत्रू म्हणजे सोडियम अझाइड. प्रतिपिंडांच्या बाटल्यांत आणि अनेकांच्या धुण्याच्या द्रावणात ते असतं. ते कॅटलेज, पेरॉक्सिडेज आणि मायटोकॉन्ड्रियातलं सायटोक्रोम ऑक्सिडेज या तिघांनाही अडवतं. आपल्याला मोजायचं असतं ते नेमकं यांच्याच अवतीभवती. म्हणून आधी पृष्ठभागावरची प्रतिपिंडं लावा, अझाइड नसलेल्या द्रावणाने दोनदा धुवा, पेशींना ३७ अंशांवर ३० मिनिटं विसावा द्या आणि मग डाय घाला. प्रतिपिंडांचे रंगही जपून निवडा. डीसीएफ हिरव्या खिडकीत, म्हणून एफआयटीसी हा हिरवा रंग बाद. मायटोसॉक्स (मायटोकॉन्ड्रियातलं सुपरऑक्साइड टिपणारा डाय) नारिंगी-लाल, म्हणून पीई हा नारिंगी रंग बाद. लाल लेसरवरचा एपीसी आणि जांभळ्या लेसरवरचे रंग सुरक्षित. मेलेल्या पेशी वगळणारा डायही असाच दूरच्या खिडकीतला हवा. तो वगळून चालणार नाही, कारण मरणाऱ्या पेशी वाटेल ते आकडे देतात.

डीसीएफडीएचं १० मिलिमोलर द्रावण डीएमएसओमध्ये करून छोट्या कुप्यांत उणे २० अंशांवर ठेवा. एक कुपी एकदाच वापरायची, उरलेली फेकायची. पेशींवर ५ मायक्रोमोलर, अंधारात, ३७ अंशांवर ३० मिनिटं. डीएमएसओचं अंतिम प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. पेशी न घालता नुसता डाय असलेली एक नळी दररोज ठेवा. ती चमकायला लागली तर कुपी खराब झालीय.

दररोजच्या बाकी नळ्या अशा: डाय नसलेल्या पेशी, विश्रांतीतल्या पेशी, टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड (मुद्दाम ऑक्सिडेशन घडवायला) १०० मायक्रोमोलर घातलेल्या पेशी, आणि मोनोसाइटसाठी पीएमए (पेशी चिथावणारं रसायन) घातलेल्या पेशी. शिवाय सिग्नल विझवून दाखवणारी एक नळी हवीच, पेशीत शिरणाऱ्या पीईजी-कॅटलेजची. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंटने सिग्नल कमी झाला म्हणजे तो आरओएसचाच होता असं सिद्ध होत नाही. ते पेशीतलं ग्लुटाथायॉन आणि प्रथिनांची रचना दोन्ही बदलतं. एनओएक्स अडवणाऱ्या डीपीआयचंही तसंच. एनओएक्सबरोबर ते मायटोकॉन्ड्रियातली फ्लेविन असलेली एन्झाइमंही बंद पाडतं.

नळ्यांचा क्रम

डीसीएफची चमक वेळेबरोबर वाढतच राहते. समजा २४ नळ्या आहेत आणि प्रत्येक नळीला एक मिनिट लागतं. शेवटची नळी पहिलीपेक्षा जवळपास २४ मिनिटं जास्त शिजलेली असते, आणि डाय लावायला दिलेला वेळच मुळात ३० मिनिटांचा! आधी सगळे निरोगी आणि मग सगळे रुग्ण वाचले तर रुग्णांमध्ये ‘वाढ’ दिसणारच. पुढच्या आठवड्यात क्रम बदलला की ती गायब. तुमच्या आकड्यांचं वर्णन या दोषाशी तंतोतंत जुळतं.

यावर उपाय दोन. एक, जोडीने काम करा: प्रत्येक रुग्णासोबत त्याच वयोगटातली, त्याच लिंगाची एक निरोगी व्यक्ती, दोघांचं रक्त एका तासाच्या आत, डाय एकाच कुपीतला, आणि यंत्रावर एक रुग्ण-एक निरोगी असा आलटून-पालटून क्रम. दोन, डाय घालण्याची वेळही एकेक मिनिटाने पुढे ढकलत न्या, म्हणजे प्रत्येक नळी बरोबर तितक्याच मिनिटांनी वाचली जाईल. यंत्रासाठी रोज तेच कॅलिब्रेशनचे मणी चालवा आणि व्होल्टेज त्यांच्या ठरलेल्या चमकेवर आणा.

याच्या मागे आणखी एक दोष लपलेला असतो. निरोगी माणसं बहुधा प्रयोगशाळेतलीच असतात. त्यांचं रक्त दहा मिनिटांत टेबलावर येतं. रुग्णाचं रक्त बाह्यरुग्ण विभागातून दोन-तीन तासांनी. एमएसमध्ये स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट-तिप्पट असतं, प्रयोगशाळेतल्या स्वयंसेवकांचं गणित वेगळंच. अशा तुलनेत आजाराचा फरक कोणता आणि वाटेतल्या उशिराचा कोणता, हे नंतर कोणत्याही गणिताने सोडवता येत नाही.

न्यूट्रोफिलसाठी पूर्ण रक्त

एमएसमध्ये न्यूट्रोफिल ‘प्राइम’ झालेले, म्हणजे आधीच चिथावलेल्या अवस्थेत, असतात असं दिसलेलं आहे. ते बघायचं तर त्यांना फायकोलमधून काढू नका, काढतानाच ते चिथावले जातात. १०० मायक्रोलिटर पूर्ण रक्त, डायहायड्रोऱ्होडामिन १२३ (ऑक्सिडेशन झालं की चमकणारा दुसरा डाय), ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग उत्तेजक, पुन्हा १५ मिनिटं, मग लाल पेशी फोडून लगेच वाचन. लाल पेशी आधी फोडत असाल तर बाहेरून कॅटलेज घाला. नाहीतर एका पेशीचं हायड्रोजन पेरॉक्साइड शेजारच्या पेशीत शिरतं आणि तीही चमकते. पूर्ण रक्तात हे काम लाल पेशींचं कॅटलेज आपोआप करतं.

उत्तेजक कोणता, यावर निकाल फिरतो. पीएमए (१०० नॅनोग्रॅम प्रति मिली) प्रोटीन कायनेज सीला थेट ढकलतं आणि प्रत्येक न्यूट्रोफिलला कमाल पातळीवर नेतं. सगळेच छताला टेकल्यावर कोण आधीपासून उंचावर होतं ते दिसत नाही. एफएमएलपी (१ मायक्रोमोलर) ग्राहीमार्गे काम करतं. शांत न्यूट्रोफिल त्याला जेमतेम दाद देतो, प्राइम झालेला मोठ्याने देतो. म्हणून एमएससाठी एफएमएलपीची नळी महत्त्वाची. पीएमए ठेवायचं ते एन्झाइम शाबूत आहे एवढं बघायला.

टी पेशींच्या मायटोकॉन्ड्रियासाठी

मायटोसॉक्स १ मायक्रोमोलर वापरा, ५ च्या वर अजिबात जाऊ नका. जास्त झालं की ते मायटोकॉन्ड्रियाचं कामच बिघडवतं, तिथून सुटून केंद्रकात जातं आणि डीएनएला चिकटून चमकतं. हा डाय धन विद्युतभाराचा, त्यामुळे तो मायटोकॉन्ड्रियात किती साठेल हे पटलावरच्या विद्युतदाबावर ठरतं. रुग्णाच्या टी पेशीत हा दाब जास्त असेल तर सुपरऑक्साइड तेवढंच असूनही मायटोसॉक्स जास्त दिसेल. म्हणून समांतर नळीत टीएमआरएम (हा दाब दाखवणारा डाय) २० नॅनोमोलर लावून दाब मोजा, आणि एफसीसीपी या रसायनाने तो पाडून दाखवा. दोन्ही आकडे एकत्र वर गेले असतील तर ‘सुपरऑक्साइड वाढलं’ असं म्हणता येत नाही. सकारात्मक नियंत्रणाला अँटिमायसिन ए, ते मायटोकॉन्ड्रियातलं सुपरऑक्साइड मुद्दाम वाढवतं. सुपरऑक्साइडचंच खास उत्पादन वेगळं दाखवायचं असेल तर एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) पर्याय नाही. पेशी स्थिरीकरण करून दुसऱ्या दिवशी वाचायच्या बेतात असाल तर मायटोसॉक्स आणि डीसीएफ दोन्ही विसरा.

संरक्षणाच्या बाजूला ग्लुटाथायॉन. पेशी फुटल्या की ते हवेतच ऑक्सिडाइज होतं, म्हणून पेशींचा गोळा थेट ५ टक्के सल्फोसॅलिसिलिक अ‍ॅसिडमध्ये घ्या. एनईएम या रसायनाने थायॉल (ग्लुटाथायॉनचा गंधकाचा गट) बांधायचं असेल तर पुढची मोजणी मास स्पेक्ट्रोमेट्रीवर करा. एन्झाइमच्या पुनर्चक्रण पद्धतीत (४१२ नॅनोमीटर) एनईएम ग्लुटाथायॉन रिडक्टेजलाच अडवतं. तिथे जीएसएच (रिड्यूस्ड ग्लुटाथायॉन) झाकायला २-व्हिनिलपिरिडिन वापरतात. रिड्यूस्ड आणि ऑक्सिडाइज्ड यांचं गुणोत्तर निरोगी पेशींत दहाच्या आसपास आलं तर ते आजाराचं लक्षण समजू नका, हाताळणीत झालेलं ऑक्सिडेशन समजा.

नुकसानीच्या खुणांबद्दल थोडक्यात. एफ२-आयसोप्रोस्टेन (चरबीच्या ऑक्सिडेशनमधून बनणारे रेणू) सर्वांत भरवशाचे, पण नमुन्यात बीएचटी (ऑक्सिडेशन थांबवणारं रसायन) घालून उणे ८० अंशांवर ठेवले तरच. ५३२ नॅनोमीटरवरची टीबार्स चाचणी स्वस्त आहे आणि म्हणून सगळीकडे दिसते. ती मॅलॉनडायअल्डिहाइड या चरबीच्या ऑक्सिडेशनच्या एका उत्पादनापुरती मर्यादित राहत नाही आणि रक्त थोडं फुटलेलं असलं तरी फसवते. एमएसच्या बाबतीत एक खास सापळा आहे. काही रुग्ण बायोटिनचे मोठे डोस घेतात, चाचण्यांमध्ये तो दिवसाला ३०० मिलीग्रॅमपर्यंत गेला होता. सीरमवरची एलायझा (प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी) बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन जोडीवर बेतलेली असेल तर निकाल पार चुकतो. विचारल्याशिवाय रुग्ण हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते जीवनसत्त्व असतं, औषध नव्हे.

औषधं गटाचा चेहरामोहरा बदलतात

‘एमएस’ असा एकच गट करून चालत नाही. फिंगोलिमॉड लिम्फोसाइटना लसिकाग्रंथींतून बाहेर पडू देत नाही. रक्तातल्या लिम्फोसाइट एक चतुर्थांशाच्या आसपास येतात आणि उरतात त्या मुख्यतः इफेक्टर-मेमरी प्रकारच्या, ज्यांचा चयापचय नेईव्ह, म्हणजे अजून सक्रिय न झालेल्या, पेशींपेक्षा वेगळा असतो. नॅटालिझुमॅबवर उलट, रक्तातल्या लिम्फोसाइट वाढतात. ऑक्रेलिझुमॅबवर बी पेशी जवळपास नसतात. टेरिफ्लुनोमाइड ज्या डीएचओडीएच एन्झाइमला अडवतं ते मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावरच बसलेलं असतं, म्हणजे मायटोसॉक्सचा आकडा औषधामुळेही हलू शकतो. रिलॅप्ससाठी, म्हणजे आजाराच्या झटक्यासाठी, दिलेलं मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज १ ग्रॅम असं तीन ते पाच दिवस, न्यूट्रोफिलची संख्या आणि वागणूक दोन्ही बदलतं. त्यानंतर किमान ३० दिवस नमुना घेऊ नका.

डायमिथाइल फ्युमरेटचं प्रकरण तर थेट विषयाच्या गाभ्यातलं. अमेरिकेत त्याला २०१३ साली मान्यता मिळाली, नेहमीचा डोस २४० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. पेशीत ते कीप१ या प्रथिनाच्या सिस्टीनला चिकटतं, त्याने धरून ठेवलेलं एनआरएफ२ हे प्रथिन मोकळं होतं आणि ऑक्सिडंटविरोधी जनुकं चालू होतात. म्हणून त्याला सरसकट ‘अँटिऑक्सिडंट औषध’ म्हटलं जातं. पण ते आधी ग्लुटाथायॉनशी प्रतिक्रिया करून त्याचा साठा खाली आणतं, आणि एनआरएफ२ नसलेल्या उंदरांमध्येही त्याचा परिणाम टिकून राहिलेला दिसला. औषधाला चांगला प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांच्या मोनोसाइटमध्ये आरओएस निर्मिती वाढलेली आढळली, कमी झालेली नव्हे. या औषधावर लिम्फोसाइटही कमी होतात, सीडी८ टी पेशी सीडी४ टी पेशींपेक्षा जास्त. हे रुग्ण बाकीच्यांत मिसळलेत तर सरासरीला काही अर्थ उरत नाही. शक्य असेल तर औषध सुरू न केलेले रुग्ण घ्या. नसेल तर औषधवार गट करा आणि धूम्रपान, ताजा संसर्ग, पूरक गोळ्या यांची नोंद ठेवा.

वाढ खरी निघाली तर

वाढली म्हणजे वाईट, असं मानू नका. एनओएक्स२च्या पी४७फॉक्स या घटकाचं जनुक म्हणजे एनसीएफ१. २००३ साली रॅटमध्ये असं दिसलं की या जनुकाच्या ज्या रूपामुळे आरओएस कमी बनतात, त्याच रूपामुळे संधिवात जास्त तीव्र होतो. पुढच्या वर्षी एनसीएफ१ मध्ये बिघाड असलेल्या उंदरांमध्ये एमएससारखा आजारही जास्त तीव्र आढळला. पण त्याआधी, २००० साली, हेच जनुक काढून टाकलेल्या दुसऱ्या वंशाच्या उंदरांना तो आजार कमी झाला होता! एकच प्रथिन, निकाल उलटे, कारण वंश आणि आजार उत्पन्न करण्याची रीत वेगळी. टी पेशींचंही असंच आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या तिसऱ्या संकुलातून निघणारं थोडं आरओएस नसेल तर टी पेशी नीट सक्रिय होत नाही. आणि ग्लुटाथायॉन बनवता न येणाऱ्या टी पेशींची वाढ खुंटते, असे उंदीर एमएससारख्या आजारापासून बचावतात. म्हणजे टी पेशीतलं अँटिऑक्सिडंट आजारालाही पोसू शकतं.

रक्त म्हणजे मेंदू नव्हे, हेही इथेच लक्षात घ्यायला हवं. एमएसच्या मेंदूतल्या सक्रिय व्रणात ऑक्सिडाइज झालेले डीएनए आणि चरबी भरपूर दिसतात, पण तिथे ऑक्सिडंट सोडणाऱ्या पेशी मुख्यतः मायक्रोग्लिया (मेंदूतल्या स्थानिक संरक्षक पेशी) आणि आत शिरलेल्या मॅक्रोफेज. रक्तातल्या मोनोसाइटचा आकडा त्यांच्या वतीने बोलत नाही.

म्हणूनच अशा चाचणीच्या जोरावर रुग्णाला अँटिऑक्सिडंट गोळ्या सुचवू नका. पेरॉक्सिनायट्राइट हा तीव्र ऑक्सिडंट टिपणारं युरिक अ‍ॅसिड वाढवण्यासाठी इंटरफेरॉन बीटा या एमएसच्या औषधासोबत इनोसिन देऊन पाहिलं, जादा फायदा दिसला नाही. लिपोइक अ‍ॅसिड रोज १२०० मिलीग्रॅम दिलेल्या ५१ जणांच्या चाचणीत (२०१७) दोन वर्षांत मेंदू आक्रसण्याचा वेग कमी दिसला, पण एवढ्या माणसांवरून उपचार ठरत नाही. रुग्ण विचारेल तेव्हा त्याला स्पष्ट सांगा: हा आकडा संशोधनासाठी आहे, त्यावरून तुमचं औषध बदलायचं नाही.

हातात असलेल्या आकड्यांचं काय करायचं

टाकून देऊ नका. प्रत्येक नळीची वाचनाची वेळ फ्लो सायटोमीटरच्या फाइलमध्येच नोंदलेली असते, ती काढा. डीसीएफची चमक एका अक्षावर आणि वाचनाची वेळ दुसऱ्यावर घेऊन दिवसवार आलेख मांडा. ठिपके तिरके चढत गेलेले दिसले तर कारण सापडलं. मग पुढच्या-मागच्या प्रकाशविखुरणीवरून मोनोसाइट आणि लिम्फोसाइट वेगळ्या करून पुन्हा मोजा. प्रतिपिंडं लावली नसतील तरी एवढं जमतं. सरासरीऐवजी मध्यक घ्या आणि त्याला त्याच दिवशीच्या विश्रांतीतल्या निरोगी पेशींच्या मध्यकाने भागा. एका माणसाच्या तीन नळ्या म्हणजे तीन माणसं नव्हेत. विश्लेषणात माणूस हेच एकक ठेवा आणि दिवसाला यादृच्छिक घटक म्हणून घ्या.

नव्याने रुग्ण बोलावण्याआधी पाच निरोगी माणसांचं रक्त तीन वेगवेगळ्या दिवशी घेऊन पूर्ण पद्धत चालवा. त्याच माणसाचा आकडा दिवसागणिक ३० टक्क्यांनी हलत असेल, तर रुग्ण आणि निरोगी यांतला २० टक्क्यांचा फरक त्या पद्धतीने शोधायला फार मोठा गट लागेल. तो हलणं आधी कमी करा. बहुतेक वेळा रक्त काढण्याची वेळ सकाळची ठरवून, उशीर दोन तासांत बांधून आणि नळ्यांचा क्रम आलटून-पालटून ठेवूनच ते बरंच कमी होतं.